विद्यार्थ्यांच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी बरोक कॉन्चेर्तो कसा मांडायचा

बरोक काळातला इटालियन रचनाकार व्हिव्हाल्डी १७०३ साली व्हेनिसच्या ओस्पेदाले देल्ला पिएता या संस्थेत व्हायोलिनचा शिक्षक म्हणून लागला. अनाथ मुलींना सांभाळणारी ही संस्था. तिथल्या मुली गायच्या, वाजवायच्या, आणि त्यांना ऐकायला दूरदूरचे प्रवासी यायचे. व्हिव्हाल्डीचे कितीतरी कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या, बहुतेक वेळा सोलो वाद्य असलेल्या कृती, याच मुलींच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेले आहेत. समोर कोण बसलंय आणि कुणाच्या हातात किती तयारी आहे ते बघून सूर लिहायचे, ही रीत या संगीताला जन्मापासूनच ठाऊक आहे. त्यामुळे एखादा कॉन्चेर्तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी मांडायला घेताना बिचकायचं कारण नाही.

बाख या जर्मन रचनाकारानेही हेच केलं. त्याने व्हिव्हाल्डीचे कॉन्चेर्तो ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कळफलकाचं वाद्य) यांसाठी मांडले. चार व्हायोलिनच्या बी मायनर कॉन्चेर्तोचा चार हार्पसिकॉर्डचा कॉन्चेर्तो केला आणि तो ए मायनरमध्ये उतरवला. स्वतःचा ई मेजरमधला व्हायोलिन कॉन्चेर्तो हार्पसिकॉर्डसाठी लिहिताना त्याने एक स्वर खाली, डी मेजरमध्ये नेला. जेमिनियानीने आपले गुरू कोरेल्ली यांच्या व्हायोलिन सोनाटांचे कॉन्चेर्तो ग्रोसो केले. पट्टी बदलणं, वाद्य बदलणं, नवे मधले आवाज भरणं, यातलं काहीच त्या काळात वावगं मानलं जात नव्हतं.

मात्र काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, याचा विवेक हवा. माझा नियम असा: वेगाचे सूर कमी करता येतात, सप्तक बदलता येतं, सोलो वाटता येतो. बासची ओळ आणि विसंवादाच्या जागा मात्र सोडायच्या नाहीत. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. अवघड वाटणारे झरझर सूर तसेच ठेवतो आणि मधल्या आवाजातला टोचणारा एक सूर ‘चुकल्यासारखा वाटतो’ म्हणून काढून टाकतो. मग मुलं धापा टाकत वाजवतात आणि संगीत सपक लागतं.

तुम्हाला स्टाफ नोटेशन वाचता येतं आणि एखादं तंतुवाद्य थोडंफार हातात आहे, असं धरून पुढचं लिहितो.

आधी माणसं मोजा

स्कोअर उघडण्याआधी एका कागदावर वादकांची यादी करा. नुसतं ‘व्हायोलिन आठ, चेलो दोन’ एवढं पुरत नाही. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: पहिल्या पोझिशनच्या वर जाता येतं का, चौथं बोट भरवशाचं आहे का, आणि एका मात्रेत चार सूर किती लयीला स्वच्छ निघतात. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मेट्रोनोम लावून काढा, अंदाजाने नको. शिक्षक म्हणून आपल्याला वाटतं त्यापेक्षा ते बहुतेक वेळा कमी भरतं.

पहिल्या पोझिशनच्या मर्यादा तोंडपाठ असू द्या. व्हायोलिन खालच्या मोकळ्या जी तारेपासून ई तारेवरच्या चौथ्या बोटाच्या बीपर्यंत जातं. तिसरी पोझिशन येत असेल तर त्यावरचा डी मिळतो. व्हिओला सीपासून ए तारेवरच्या ईपर्यंत, आणि चेलो त्याच्या एक सप्तक खालच्या सीपासून ए तारेवरच्या चौथ्या बोटाच्या डीपर्यंत. डबल बासची सगळ्यात खालची तार ई असते, आणि तो लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. चेलोचे खालचे सी आणि डी साध्या चार तारांच्या बासवर निघतच नाहीत, ही गोष्ट पहिल्या तालमीत कळण्यापेक्षा आत्ताच कळलेली बरी.

विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनची गर्दी आणि व्हिओलाचा दुष्काळ हे नेहमीचं चित्र आहे. त्यावर उपाय म्हणजे ‘तिसरं व्हायोलिन’ असा वेगळा भाग काढायचा. व्हिओलाचीच ओळ, पण ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेली, आणि जीच्या खाली जाणारे सूर एक सप्तक वर घेतलेले. हा भाग कधीही कच्च्या मुलांची अडगळ होऊ देऊ नका. हार्मनीचा अर्धा जीव तिथे असतो, म्हणून निदान एक पक्का वादक तिथे बसवा.

कुठली कृती घ्यायची

पहिल्या खेपेला ‘फोर सीझन्स’ घेऊ नका. मोह होतो, हे खरं. १७२५ मध्ये छापल्या गेलेल्या त्या चार कॉन्चेर्तोंमध्ये सोलो व्हायोलिनच सगळं चित्र रंगवतं. तो भाग सोपा केला की हातात फारसं उरत नाही.

सुरुवातीला सगळ्यात मायाळू प्रकार म्हणजे कॉन्चेर्तो ग्रोसो. त्यात एक छोटा गट असतो, कॉन्चेर्तिनो, आणि बाकी सगळे म्हणजे रिपिएनो. कोरेल्लीच्या सहाव्या ओपसमध्ये, म्हणजे सहाव्या छापील संग्रहात, बारा कॉन्चेर्तो आहेत. तो १७१४ मध्ये, कोरेल्ली गेल्यानंतरच्या वर्षी, ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातला छोटा गट म्हणजे दोन व्हायोलिन आणि एक चेलो. त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटलंय की मोठ्या गटाचे भाग ऐच्छिक आहेत आणि ते दुप्पटही करता येतील. माणसं कमीजास्त झाली तरी चालतील, अशी परवानगी खुद्द रचनाकारानेच देऊन ठेवली आहे. शिवाय अवघड सूर छोट्या गटाकडे आणि सोपे मोठ्याकडे अशी वाटणी आयतीच झालेली असते. हेंडेलचाही सहावा ओपस याच जातीचा, १७३९ मध्ये लिहिलेला, पण त्याला वादक जास्त कसलेले लागतात.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे सोलो नसलेले व्हिव्हाल्डीचे कॉन्चेर्तो. ते त्याने बरेच लिहिलेत: छोटे, तीन भागांचे आणि सगळ्या वादकांना कामाला लावणारे. जी मेजरमधला ‘आल्ला रुस्तिका’ हा त्यातला लाडका.

सोलो कॉन्चेर्तोच हवा असेल तर १७११ च्या ‘लेस्त्रो आर्मोनिको’ या संग्रहाकडे वळा. त्याच्या बारा कॉन्चेर्तोंपैकी काहींत एक, काहींत दोन, तर काहींत चार सोलो व्हायोलिन आहेत. मूळ छपाईत स्कोअर नव्हता. आठ सुट्ट्या वह्या होत्या: चार व्हायोलिनच्या, दोन व्हिओलाच्या, एक चेलोची आणि एक व्हिओलोने (बासच्या जातीचं जुनं वाद्य) व हार्पसिकॉर्डची. मुळातच चार वह्यांत वाटलेली व्हायोलिनं मांडणी करणाऱ्याला फार सोयीची पडतात.

प्रत कुठली वापरायची

हे थोडक्यात सांगतो. रचनाकारांना जाऊन अडीच शतकं उलटली, त्यामुळे मूळ संगीतावर कुणाचा हक्क नाही. पण आधुनिक आवृत्तीत संपादकाने घातलेले स्लर, बोटांचे आकडे, हार्पसिकॉर्डसाठी भरलेल्या कॉर्ड्स यांवर हक्क असू शकतो. म्हणून मूळ छपाई, हस्तलिखित किंवा एकोणिसाव्या शतकातली जुनी समग्र आवृत्ती समोर ठेवून काम करा. बाखच्या कृतींची तशी आवृत्ती १८५१ ते १८९९ या काळात निघाली आणि ती इंटरनेटवर मोफत मिळते. जुन्या आवृत्त्या वापरण्यात दुसराही फायदा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिकवणीच्या प्रतींत लांबलचक स्लर आणि फुगणारे-उतरणारे आवाज इतके घातलेले असतात की मूळ ओळ त्याखाली गाडली जाते.

नकाशा काढा

आता कृती ऐका, हातात पेन्सिल घेऊन. वेगवान भाग बहुतेक वेळा रितोर्नेल्लोच्या बांधणीचा असतो. आपल्या गाण्यात ध्रुवपद जसं पुन्हा पुन्हा येतं तसा सगळ्या ऑर्केस्ट्राचा एक तुकडा फिरून फिरून येतो आणि मधल्या जागा सोलोला मिळतात. फरक इतकाच की हे ध्रुवपद दर वेळी वेगळ्या पट्टीत येतं, आणि पुष्कळदा अर्धंमुर्धंच येतं.

कागदावर आडवी रेघ ओढा आणि बार क्रमांक टाकत लिहित जा: इथे सगळे, इथे सोलो, इथे ई मायनर, इथे परत घरी. हा एक कागद तुमचं पुढचं सगळं काम सोपं करतो. कुठला तुकडा नुसता परत आलाय ते कळतं, म्हणजे तो एकदाच मांडून पट्टी बदलून वापरता येतो. आणि काही कापायचं झालं तर कुठे कापता येईल तेही कळतं. कापताना सोलोचा एक अख्खा तुकडा आणि त्याला लागून येणारं रितोर्नेल्लो असं जोडीने काढा, आणि शिवण एकाच पट्टीच्या दोन जागांमध्ये घाला. सोलोच्या मधोमध कात्री चालवू नका.

पट्टी बदलायची का

शक्यतो बदलू नका. बरोक व्हायोलिन लेखनात मोकळ्या तारांवर बरंच काही उभं असतं, आणि पट्टी हलवली की ते कोसळतं. ए मायनरमधल्या एखाद्या तुकड्यात मोकळी ई तार सारखी मधे मधे वाजत राहते. तोच तुकडा जी मायनरमध्ये नेला की तिथे डी लागतो, तोही ए तारेवर तिसऱ्या बोटाने दाबून. झाली पंचाईत.

तरीही कधी कधी बदलावी लागते. तीन-चार फ्लॅटच्या पट्ट्यांत नवख्या व्हायोलिनवादकाचं पहिलं बोट सतत मागे ओढावं लागतं आणि सूर ढळतात. डी, जी, ए मेजर आणि ए, ई, डी मायनर या त्यांच्या घरच्या पट्ट्या. पण व्हायोलिनला जे सोपं ते चेलोला सोपं असतंच असं नाही, आणि ही गोष्ट व्हायोलिन वाजवणाऱ्या प्रत्येक अरेंजरने लिहून भिंतीवर लावावी. चेलोच्या पहिल्या पोझिशनमध्ये डी तारेवर चौथं बोट जीवर पडतं. जी शार्पसाठी हात ताणावा लागतो. ए मेजर व्हायोलिनला लाडकी, पण त्यात चेलोच्या विद्यार्थ्याचा हात पानभर ताणलेलाच राहतो. तसंच ए तारेवरच्या बी फ्लॅटसाठी पहिलं बोट मागे ताणायचं. डबल बासवर तर एका पोझिशनमध्ये एका तारेवर जेमतेम एक पूर्ण स्वराचं अंतर मावतं, त्यामुळे साधी सरळ स्केलसुद्धा हात सरकवत वाजवावी लागते. पट्टी ठरवण्याआधी चेलो आणि बासच्या ओळीवर बोटं लिहून बघा.

कोरेल्लीचा प्रसिद्ध ‘नाताळचा कॉन्चेर्तो’ जी मायनरमध्ये आहे. तो ए मायनरमध्ये नेला की पहिल्या भागांतली बोटं सुटतात, पण शेवटचा जी मेजरमधला पास्तोराले ए मेजर होतो आणि चेलोची पंचाईत सुरू होते. मी तो मूळ पट्टीतच ठेवण्याच्या बाजूचा आहे. दोन फ्लॅट शिकायला आठवडा जास्त लागेल, तो द्यावा.

बासपासून सुरुवात

रिकाम्या स्कोअरमध्ये सगळ्यात आधी बासची ओळ भरा. मग सगळ्यात वरची. मधलं नंतर.

बास फार पळत असेल तर चेलोला मूळ ओळ द्या आणि डबल बासला प्रत्येक मात्रेवरचा सूर तेवढा द्या. चेलोही कच्चे असतील तर दोघांनाही साधं करा, पण मात्रेवर पडणारा सूर कधीही बदलू नका. हार्मनी त्याच्यावर उभी आहे. बासच्या ईखाली जाणारे सूर वर घेताना उडी कुठे मारायची तेही बघावं लागतं. ओळ पायरी पायरीने उतरत असताना मधेच एक सूर सप्तकभर वर फेकला तर ऐकणाऱ्याला ठेच लागते. त्याच्या आधी जिथे वाक्य सुरू होतं किंवा मुळातच मोठी उडी आहे, तिथूनच सगळा तुकडा वर घ्या.

संथ भागांत एक खास गोष्ट भेटेल. व्हिव्हाल्डी पुष्कळदा चेलो आणि हार्पसिकॉर्डला गप्प बसवतो आणि बासची ओळ व्हायोलिन-व्हिओलाला देतो. सोलो मग पायाखाली जमीन नसल्यासारखा तरंगतो. स्कोअरमध्ये चेलोची रिकामी जागा बघून ती भरायला हात शिवशिवतात, आणि चेलोवाल्या मुलांना काहीतरी द्यावं असंही मनापासून वाटतं. सप्तकभर खाली तीच ओळ दिली की तो तरंगता परिणाम गेलाच म्हणून समजा. अगदीच काही द्यायचं असेल तर व्हायोलिनच्याच उंचीवर, आवाक्यात येत असेल तेवढं, हळू पिझ्झिकातो, म्हणजे बोटाने तार छेडून, द्या. नाहीतर त्यांना शांत बसून ऐकू द्या. ऑर्केस्ट्रात बसून ऐकायला शिकणं हाही अभ्यासच आहे.

मधले आवाज आणि आकड्यांचा बास

मूळ वादनात हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिओर्बो (लांब मानेचं ल्यूट जातीचं वाद्य) बासच्या ओळीवरून कॉर्ड्स भरायचे. त्याला कंटिन्युओ म्हणतात. तुमच्याकडे हार्पसिकॉर्ड किंवा पियानो वाजवणारं कुणी असेल तर उत्तम. नसेल तर, विशेषतः सोलोखाली फक्त बास उरतो तिथे, मधली पोकळी दुसऱ्या व्हायोलिनने आणि व्हिओलाने भरून काढावी लागते. त्यासाठी बासच्या वरखाली छापलेले आकडे वाचता आले पाहिजेत, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

आकडा नसेल तर बासच्या सुरापासून तिसरा आणि पाचवा सूर. ६ असेल तर तिसरा आणि सहावा. ७ असेल तर तिसरा, पाचवा, सातवा. ६ आणि ५ एकावर एक असतील तर तिसरा, पाचवा, सहावा. नुसतं शार्पचं चिन्ह असेल तर तिसरा सूर शार्प करायचा. ए मायनरमध्ये बासला ई आहे आणि शार्पचं चिन्ह आहे, म्हणजे ई, जी शार्प, बी. बासला जी शार्प आहे आणि ६ लिहिलाय, म्हणजे जी शार्प, बी, ई. तेच तीन सूर, फक्त उलटे बसलेले. एवढ्या ज्ञानावर कृतीचा बराच मोठा भाग निभतो.

आता या लेखातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आकड्यांत ४ आणि लगेच ३ असं दिसलं की थांबा. त्याचा अर्थ आधीच्या कॉर्डमधला एक सूर रेंगाळलाय, नव्या बासशी भांडतोय, आणि मग एक पायरी उतरून शांत होणार आहे. याला सस्पेन्शन म्हणतात. समजा बासला जी आहे आणि वर व्हायोलिनने सी धरून ठेवलाय. तो उतरून बी होणार. या रेंगाळण्याच्या वेळी व्हिओलाला काय द्यायचं? जी किंवा डी. बी अजिबात नाही. नवखा अरेंजर ‘जी मेजर कॉर्ड आहे’ असं म्हणून व्हिओलाला बी देऊन टाकतो. मग व्हायोलिनचा सी ज्या घरी पोचणार, तिथे व्हिओला आधीच जाऊन बसलेला असतो. ओढ संपते. सी नुसता चुकीचा वाटायला लागतो, आणि पुढच्या तालमीत कुणीतरी तो खोडतं.

कोरेल्लीच्या संथ भागांत दोन व्हायोलिनं अशी एकमेकांवर रेलत, भांडत, उतरत जातात. एकाने धरलं की दुसरा त्याला चिकटून वरचा सूर लावतो, पहिला उतरतो, मग दुसऱ्यावर पाळी. हे अवघड नसतं. सूर लांब आहेत, बोटं पहिल्या पोझिशनमध्ये आहेत. दोन वर्षं वाजवणारी मुलंही ते वाजवू शकतात. आणि त्यांना ते वाजवताना जो आनंद होतो तो कुठल्याही जलद तुकड्यात होत नाही, हे मी तालमीत पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून सोपं करताना या जागा राखा, सगळ्यांना ऐकू येतील अशा राखा. रेंगाळणारा सूर जिच्याकडे आहे त्या ओळीत निदान दोन तरी वादक ठेवा.

बाकी मधल्या आवाजांबद्दल दोनच सूचना. मेजर-मायनरचा लीडिंग नोट, म्हणजे घरच्या सुराच्या लगेच खालचा सूर, जसा ए मायनरमधला जी शार्प, दोन भागांना एकदम देऊ नका. आणि मधल्या ओळी शक्य तितक्या जागच्या जागी हलवा. जवळचा सूर सापडत असताना उडी कशाला?

सोलो सगळ्यांत वाटणं

तयारीचा एखादा सोलो वादक असेल तर हा भाग सोडून द्या. नसेल तर सोलो वाटायचा, आणि इथे कल्पकतेला खरा वाव आहे.

व्हिव्हाल्डीचे सोलो मोठ्या प्रमाणात पलट्यांवर चालतात. सारेग, रेगम, गमप असं आपण म्हणतो, तसाच एक छोटा साचा एकेक पायरी वर किंवा खाली सरकत जातो. पहिला साचा पहिल्या व्हायोलिनना, दुसरा दुसऱ्यांना, तिसरा परत पहिल्यांना. प्रत्येकाला मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्याला डावी-उजवीकडून संवाद ऐकू येतो.

मात्र हस्तांतराचा एक नियम पाळा, नाहीतर दर जोडावर भोक पडेल. ज्या गटाचा साचा संपतोय त्याने पुढच्या मात्रेवरचा पहिला सूरही वाजवायचा आणि मग थांबायचं. नवा गट त्याच सुरावर सुरू होतो. एक सूर दोघांचा सामाईक. यामुळे सोडणाऱ्याला शेवटचा सूर कुठे टेकवायचा ते कळतं, आणि धरणाऱ्याला आधार मिळतो. रिले शर्यतीतली काठी दोघांच्या हातात असते तो क्षण आठवा. मी पहिल्यांदा हे न कळता कागदावर नीटनेटके तुकडे पाडले होते. वाजवायला लागल्यावर प्रत्येक जोड उसवलेला ऐकू आला, आणि सगळे भाग पुन्हा लिहावे लागले.

सेमीक्वेव्हर, म्हणजे एका मात्रेत चार सूर, जड जात असतील तर त्यांचा सांगाडा काढा. मात्रेवरचा पहिला सूर कायम ठेवा, आणि उरलेल्या तिघांतला जो त्या वेळच्या कॉर्डमध्ये बसतो तो दुसरा घ्या. चार सुरांचे दोन क्वेव्हर झाले. दर वेळी डोळे मिटून पहिला आणि तिसरा उचलू नका. तिसरा कधी कधी नुसता जाता जाता लागलेला सूर असतो. हा सांगाडा बहुतेकांना द्या, आणि पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांना मूळ चारही सूर द्या. दोन्ही एकत्र छान मिसळतात. पुढच्या वर्षी सांगाडा वाजवणाऱ्यातलं कुणीतरी मूळ ओळीकडे सरकतं.

बारिओलाजची युक्ती मला फार प्रिय आहे. मूळ सोलोमध्ये एकच वादक मोकळी तार आणि शेजारच्या तारेवरची चाल आळीपाळीने वाजवतो. गज सारखा दोन तारांमध्ये हेलकावे खातो. विद्यार्थ्यांना ते झेपत नाही. मग ते दोन माणसांत फोडा. दुसऱ्या व्हायोलिनना मोकळी ई तार क्वेव्हरमध्ये वाजवत राहू द्या, पहिल्यांना फक्त चाल. मोकळी तार वाजवणारं अगदी नवं मूल त्या क्षणी कॉन्चेर्तोच्या ऐन मध्यभागी बसलेलं असतं.

चेलो आणि व्हिओलालाही सोलोचा एखादा तुकडा द्या, सप्तक बदलून. पण तुकडा त्यांच्याकडे गेला की बास कुणाकडे आहे ते तपासा. डबल बास एकटा उरला तर पोकळ वाटेल. दोन चेलो असतील तर एकाला बासवर राहू द्या.

गज, आवाज, अलंकार

प्रत्येक भागात गजाची दिशा तुम्हीच लिहा. सम, म्हणजे बारची पहिली मात्रा, डाउन-बोवर यावी हा त्या काळचाच संकेत. गेओर्ग मुफात या रचनाकाराने १६९८ मध्ये फ्रेंच दरबारातल्या लुल्लीच्या वादकांची ही शिस्त सविस्तर लिहून ठेवली आहे. सूर विषम संख्येने आले की गज उलटा पडतो. तिथे दोन छोटे सूर एकाच अप-बोमध्ये, मधे थांबून घ्यायला सांगा.

स्लर कमी ठेवा. आवाजाच्या खुणा म्हणून सगळे वाजवतात तिथे फोर्ते (मोठा), सोलोखाली पियानो (हळू), एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. एकच साचा लगेच दोनदा आला तर दुसऱ्या खेपेला प्रतिध्वनीसारखा हळू घ्या. शेवटच्या कॅडेन्सवरचा, म्हणजे वाक्य संपवणाऱ्या कॉर्ड्सवरचा, ट्रिल वरच्या सुरापासून सुरू होतो. मुलांना ट्रिल जमत नसेल तर तो वरचा सूर अर्धा वेळ धरून खाली उतरायचं, असं सरळ लिहून द्या. तीनच्या तालात कॅडेन्सच्या आधी पुष्कळदा दोन बार मिळून तीन मोठ्या मात्रा पडतात. याला हेमिओला म्हणतात. तिथे सगळ्या भागांत जोराच्या खुणा करा, नाहीतर अर्धे एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे जातील.

प्रती तयार करताना

म्यूजस्कोअर हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला भरपूर झालं. स्कोअर लिहून झाला की प्रत्येक भाग वेगळा काढून स्वतः नजरेखालून घाला. पान उलटायची जागा विश्रांतीवर आणा. विश्रांतीच नसेल तर भाग तीन पानांवर पसरून शेजारी शेजारी ठेवता येईल असा करा. तालमीची अक्षरं (कुठून सुरू करायचं ते सांगणाऱ्या ए, बी, सी अशा खुणा) दर दहा बारला ठोकू नका. तुमच्या नकाशातल्या रितोर्नेल्लोच्या आणि सोलोच्या सुरुवातीला ती द्या, म्हणजे ‘सी पासून’ म्हटल्यावर मुलांना खरोखर काहीतरी नवं सुरू होताना ऐकू येईल. चार बारपेक्षा मोठी विश्रांती असेल तर तिच्या शेवटी दुसऱ्या भागाची छोटी ओळ छापा. डबल बासची प्रत चेलोपेक्षा वेगळी काढा. ‘बघून समजून घे’ असं म्हणून चेलोची प्रत त्याच्यापुढे ठेवायची नाही.

मुलांना घरी ऐकायला ध्वनिमुद्रण देणार असाल तर एक तपासा. जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरेच गट ए ४१५ हर्ट्झला लावतात, आपण ४४० ला. ते मुद्रण जवळपास अर्धा स्वर खाली वाजतं आणि सोबत वाजवू पाहणारं मूल गोंधळतं. ४४० चं मुद्रण शोधा, किंवा सॉफ्टवेअरमधूनच तुमच्या मांडणीचं संथ आणि जलद असं दोन लयींत मुद्रण काढून द्या.

पहिली तालीम

पहिल्या तालमीत सगळा भाग न थांबता संथ लयीत एकदा वाजवा आणि फोनवर मुद्रित करा. मग घरी स्कोअर घेऊन बसा. जिथे सगळे एकाच जागी अडखळले तिथे दोष बहुधा तुमच्या मांडणीत आहे. बोटं, गज किंवा वेग बदला. एकच जण अडखळला असेल तर त्याला सराव लागेल, किंवा दुसरी ओळ. जिथे आवाज पातळ झाला तिथे बासकडे बघा. जिथे गढूळ झाला तिथे व्हिओला आणि तिसरं व्हायोलिन बघा. बहुतेक वेळा दोघांनी मिळून कॉर्डचा तिसरा सूर दुप्पट केलेला असतो, किंवा कुणीतरी सस्पेन्शनच्या घरी आधीच जाऊन बसलेलं असतं.

दुसऱ्या तालमीला फक्त बास आणि वरची ओळ एकत्र वाजवून घ्या, बाकीच्यांना ऐकू द्या. त्यानंतर फक्त मधले आवाज. व्हिओलाच्या त्या एका मुलीला आपल्या एका लांब सुराचं काय काम आहे ते तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतं. सुधारलेल्या प्रतींवर तारीख टाका, जुन्या गोळा करून घ्या, आणि मगच तिसऱ्या तालमीला बसा.